शिट्टी मरेपर्यंत

दसरा झाला की आर्वीच्या हवेत कापूस येतो. रस्त्यावरून गाड्या जातात. पूर्वी बैलांच्या जायच्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो जातात, आणि प्रत्येक गाडी मागे थोडा थोडा कापूस सांडत जाते. बाभळीच्या काट्यांवर, विजेच्या तारांवर, एसटी स्टँडच्या कठड्यावर, आमच्या दुकानाच्या शटरच्या खाचेत पांढरे पुंजके अडकून बसतात. माझा मुलगा रोज सकाळी ब्लोअरने ते उडवतो आणि दुपारपर्यंत ते परत येतात. तो वैतागतो. मला ते पुंजके आवडतात, पण हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याने का म्हणून विचारलं असतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी चाळीस-बेचाळीस वर्षं कुणालाच दिलेलं नाही.

तेव्हा हे दुकान रेडिओ दुरुस्तीचं होतं. आता पुढच्या काचेत मोबाईलची कव्हरं लटकतात आणि मागे मिक्सर उघडून ठेवलेले असतात, पण मागच्या भिंतीचं सागवानी टेबल तेच आहे. त्यावर सोल्डरच्या डागांचे काळे गोल आहेत. आमचं घराणं खरं तर भाजीवाल्यांचं. आजोबांची वांग्यांची आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, वाडी होती आणि बाजाराच्या दिवशी हातगाडी लागायची. बाबांनी कुठून कोण जाणे रेडिओचं वेड डोक्यात घेतलं, वाडी काकांच्या हवाली केली आणि स्टँडजवळ ही खोली घेतली. आजोबा म्हणे वर्षभर त्यांच्याशी धड बोलले नाहीत. मग एकदा त्यांचाच रेडिओ बिघडला, आणि बोलावं लागलं.

कापसाचा हंगाम तोच आमचा हंगाम. पावसाळाभर ओल खाल्लेले रेडिओ दसऱ्यानंतर घराबाहेर निघत. वेचणीच्या वेळी बांधावर रेडिओ हवा असे, बाजारात गाड्यांची रांग लागली की गाडीवर रेडिओ हवा असे. लोक धोतराच्या फडक्यात, घोंगडीत, क्वचित नातवाच्या दुपट्यात गुंडाळून ते आणत. एकात झुरळं निघत. एकात एकदा उंदराची पिल्लं निघाली, आणि ज्याचा रेडिओ होता तो म्हणाला, "तरीच म्हनलं, बातम्यात एवढी कुरकुर कायची असन!" राळ जळल्याचा गोडसर धूर, तापलेल्या काचेच्या व्हॉल्व्हवरच्या धुळीचा वास, आणि उडत आलेला कापूस गरम सोल्डरवर बसला की त्याचा चुरचुरीत करपट वास. तो वास आजही कुठून आला तर मी हातातलं काम थांबवतो.

त्या टेबलाशी कुसुमताई बसायची. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. बसायची पाठ रस्त्याकडे करून, कारण पोरगी दुकानात दिसलेली बाबांना नको होती. तिचं काम मात्र हवं होतं. पुढे बाबा गिऱ्हाइकाशी बोलत, रेडिओ हातात घेऊन हलवून बघत, "पाहून घेतो," म्हणत आणि पडद्यामागे ताईकडे सरकवत. सगळी आर्वी म्हणायची, बाबांच्या हाताला गुण आहे. गुण होता तो ताईच्या कानाला. रेडिओ नुसता सुरू केला तरी ती सांगायची, कोणती कॉइल हलली आहे, कुठला कंडेन्सर ओला झाला आहे. तिने कुठे शिक्षण घेतलं नव्हतं. सातवीनंतर ती घरी आणि मग या टेबलाशी.

टेबलावर उजव्या हाताला एक करडी लोखंडी पेटी असे. वर कातडी मूठ, समोर मोठी गोल तबकडी, तिच्यावर बारीक आकडे आणि एक काटा. सिग्नल जनरेटर. नावामुळे शेजारच्या चहावाल्याचा पक्का समज होता की ही पेटी वीज बनवते. लाइन गेली की तो ओरडायचा, "लावा न जी तुमचं जनरेटर, दूध नासून राह्यलं!" बाबा त्याला समजावून थकले होते. पेटीचं काम एवढंच की जो आकडा मागाल त्या आकड्याची लहर ती रेडिओला देई. प्रत्येक रेडिओच्या पोटात एक ठरलेला आकडा जुळवावा लागतो, बहुतेकांचा चारशे पंचावन्न. पेटीने चारशे पंचावन्न द्यायचं आणि त्यावर रेडिओचे स्क्रू फिरवून आवाज सर्वांत मोठा येईल तिथे थांबायचं. बाबा पेटीला मास्तर म्हणत. मास्तरच चुकला तर वर्गच्या वर्ग चुकणार, हे त्यांना ठाऊक होतं.

आणि मास्तर चुकायचा. पावसाळ्यात ओल खाऊन त्याचा काटा भलतंच सांगायला लागे. म्हणून आमच्याकडे दरवर्षीचा एक रिवाज होता. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांबरोबर पेटीचीही पूजा व्हायची, मुठीला कुंकू, तबकडीच्या काचेवर झेंडूचं फूल. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरची परीक्षा. परीक्षक होतं नागपूरचं रेडिओ केंद्र. ते रोज, बारा महिने, बरोबर पाचशे पंच्याऐंशीवर बोलायचं. त्याचा आकडा ढळत नसे.

परीक्षा अशी. पेटी अर्धा तास आधी लावून तापू द्यायची. एका चांगल्या रेडिओवर नागपूर लावायचं. पेटीची तार रेडिओजवळ नुसती ठेवायची, जोडायची नाही. मग काटा हळूहळू पाचशे पंच्याऐंशीकडे आणायचा. पेटीची लहर नागपूरच्या जवळ आली की रेडिओत शिट्टी वाजायला लागते, आधी बारीक, कानात घुसणारी. अजून जवळ गेलं की ती जाड होते, मग घुर्र घुर्र करते, मग आवाज नुसता फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो, सावकाश, आणखी सावकाश. आणि मग काहीच नाही. शिट्टी मरते. मागे निवेदकाचा आवाज तेवढा राहतो, स्वच्छ. त्या जागी दोघं एका आकड्यावर आलेले असतात. मग तबकडी वाचायची.

"घाई करू नोको," ताई म्हणायची. "मेली असं वाटते न, तवा ते मेलेली नसते. थोडं पुढं जाय, थोडं मांगं ये. दोनीकडून सारखी आली पाह्यजे."

तिच्या हातात तो काटा असताना मी कितीदा पाहिलं आहे. डोळे मिटलेले, मान किंचित डावीकडे, ओठांवर एक शेंगदाण्याचं टरफल चिकटलेलं. शिट्टी मेली की ती डोळे उघडायच्या आधी हसायची. तिच्या आयुष्यात तिच्या एकटीचं असं तेवढंच होतं, असं मला आता वाटतं.

मग ती चिठ्ठी लिही. पेटी आतून दुरुस्त करायची नाही, जेवढी चुकते तेवढं कागदावर लिहून चिकटवायचं, ही तिची पद्धत. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पेटी बरीच ढळली होती. चिठ्ठी होती: "५८५ पाहिजे तर ६१५ वर ठेवा. ४५५ पाहिजे तर ४८० वर ठेवा." खाली तारीख नाही, फक्त "दसऱ्यानंतर". पाचाचं पोट मोठं, आठाची गाठ सैल. बाबांनी विचारलं होतं, आतला स्क्रूच का फिरवत नाहीस? ती म्हणाली होती, "आतमंदी हात घातला का ते पुन्हा ढळते. कुठं चुकते ते मालूम असलं म्हंजे झालं."

ती चिठ्ठी अजून पेटीवर आहे.

यंदा दसऱ्याच्या साफसफाईत मुलाने माळ्यावरून पेटी खाली काढली. मुठीवर कुंकवाचा काळपट डाग. चिठ्ठीवरची चिकटपट्टी शिळ्या तेलासारखी पिवळी झालेली. "बाबा, हे भंगारात देऊ का? नाही तर ऑनलाइन टाकतो, जुन्या वस्तूंचे शौकीन असतात," तो म्हणाला. मी नको म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याला काय सांगणार? याच उन्हाळ्यातली गोष्ट होती, आणि तेव्हापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं. ताईचं लग्न पुलगावला झालं. भाऊजी मिलमध्ये होते, साधा माणूस. ते गेल्यावर ती मुलाकडे, वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघ्यात राहायला आली. ऐकू येईनासं झालं म्हणून तिला वर्ध्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. भाच्याला सुट्टी नव्हती, मी गेलो. काचेच्या खोलीत बसवून तिच्या कानांना हेडफोन लावले. बाहेर एका यंत्रातून एकेक सूर सोडायचे आणि ऐकू आला की तिने बटण दाबायचं. मला ते यंत्र ओळखीचं वाटलं. आमच्या पेटीचाच शहाणा, पांढराशुभ्र पुतण्या. त्याच्यावरही एक चिठ्ठी होती, कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासायचं. जाड सूर आले तेव्हा ताईने बटण दाबलं. बारीक सूर सुरू झाले आणि तिचा अंगठा बटणावर नुसता राहिला. ज्या कानाने सगळ्या आर्वीचे रेडिओ जुळवले, त्याच्यापुढे शिट्टी वाजत होती आणि ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

डॉक्टर तरुण होती, गोड बोलणारी. तिने विचारलं, "आजी, कमी ऐकू येतंय हे कधीपासून?"

ताई म्हणाली, "लगनाच्या आंधीपासून."

डॉक्टर हसली. तिला वाटलं, आजी गंमत करतायत. ताई गंमत करत नव्हती. मी मान खाली घालून हातातला केसपेपर वाचायला लागलो.

कारण लग्नाआधी तिच्या कानाला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते माझ्या हातून.

मी त्या वर्षी वर्ध्याहून आयटीआय करून परत आलो होतो. विशीतला, खिशाला दोन पेनं, तोंडात चार नवे शब्द. तिथल्या सरांनी शिकवलं होतं की यंत्र चुकत असेल तर यंत्र सुधारा, कागद काय लावता? मला ताईची चिठ्ठी अडाणीपणाची वाटायला लागली. एका दुपारी बाबा बाजारात आणि ताई जेवायला घरी गेली असताना मी पेटी उघडली. मागचे चार स्क्रू, मग पत्रा, मग कॉइल. कॉइलमधला स्क्रू ढळू नये म्हणून त्यावर मेण ओतलेलं होतं. ते मी सोल्डरिंगच्या गनने वितळवलं. लोखंडी स्क्रूड्रायव्हर तिथे चालत नाही, लोखंड जवळ आलं की आकडा हलतो. ताईने स्वेटर विणायची प्लास्टिकची एक सुई घासून चपटी केली होती, तीच घेतली. दोन तास लागले. नागपूरच्या शिट्टीवर तबकडी आणून उभी केली, बरोबर पाचशे पंच्याऐंशी. वर मेणबत्तीचं मेण टाकून पेटी बंद केली. मास्तर आता खरं बोलत होता.

चिठ्ठी मी काढली नाही. ताई आली की तिलाच म्हणणार होतो, काढ आता ती, गरज नाही. तिचा चेहरा बघायचा होता मला. पण ताईच्या आधी बाबा आले. व्हॉल्व्ह संपले होते, नागपूरची गाडी सुटायला दहा मिनिटं होती, आत्ताच्या आत्ता जा म्हणाले. मी पळालो. लोक म्हणतात ना, सांगायचं राहून गेलं. मला तसं म्हणता येत नाही. स्टँडवर जाताना वाटेत ताई भेटली होती. तिच्या हातात डबा होता, माझ्यासाठी भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी डबा घेतला आणि बोललो नाही, कारण मला तो क्षण स्वतः बघायचा होता. नागपुरात माल मिळायला तीन दिवस लागले.

तीन दिवसांत ताईने अकरा रेडिओ जुळवले. चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे काटा चारशे ऐंशीवर ठेवून. पेटी आता चारशे ऐंशी मागितलं की चारशे ऐंशीच देत होती. अकराच्या अकरा रेडिओंच्या पोटात भलताच आकडा बसला.

दुकानात दिवसा काही कळलं नाही. दिवसा नागपूर ठणठणीत लागायचं. लोक रेडिओ घरी घेऊन गेले, संध्याकाळी लांबची केंद्रं शोधायला बसले आणि त्यांना ती सापडेनात. जी सापडली त्यांच्यावर शिट्ट्या. सुई एकीकडे आणि केंद्र दुसरीकडे. मी परत आलो त्या सकाळी दुकानासमोर सात माणसं उभी होती, प्रत्येकाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेला रेडिओ. त्यांना परत पाठवून बाबा पडद्यामागे आले.

"तुह्या कानाचं काई खरं नाई, कुसुम," ते म्हणाले. "चित्त दुसरीकडं असन तं टेबलावर कायले बसतं?"

"बाबा, म्या दोनदोनदा पाह्यलं. चिठ्ठीवरच ठेवलं होतं."

"चिठ्ठी तूच लिवली न? मंग तेच चुकली असन."

 मी दारात होतो. हातात व्हॉल्व्हचा खोका. तिने माझ्याकडे पाहिलं, मदतीसाठी नाही, नुसतं पाहिलं. मला सगळं समजलं होतं, एका क्षणात. एक वाक्य बोलायचं होतं. बाबांच्या रागाला मी भ्यायलो हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं हे की आयटीआयवाला म्हणून मला त्या दुकानात पहिल्याच महिन्यात मूर्ख ठरायचं नव्हतं.

पुढच्या दोन दिवसांत मी ते अकरा रेडिओ पुन्हा जुळवले. चिठ्ठीकडे न बघता, सरळ चारशे पंचावन्नवर. संध्याकाळी लांबची केंद्रं पुन्हा लागली. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, शिकून आलेलं पोरगं ते शिकून आलेलं. ताईने टेबल पुसलं, घासलेली सुई खणात ठेवली आणि पडदा सारून घरी गेली. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. तुळशीचं लग्न झालं आणि पुलगावचं स्थळ आलं. माघात ती गेली. त्या टेबलाशी मी बसलो ते पस्तीस वर्षं बसलो.

चिठ्ठी मी काढू शकलो नाही. काढली असती तर बाबांनी विचारलं असतं. बाबा गेले तेव्हा काढता आली असती, पण तोवर तिच्याकडे रोज बघायची सवय झाली होती. ती मला शिक्षा वाटायची आणि सोबतही.

मला त्या पंधरा दिवसांची आठवण येते. माझी चूक होण्याआधीच्या. दुपारी बाजार थंडावला की आम्ही दोघं पडद्यामागे. ती शेंगदाणे सोलून टरफलं सोल्डरच्या डबीत टाकायची आणि मी ओरडायचो. तिच्या केसांत कापूस अडकलेला असायचा आणि तो काढायची तिला फुरसत नसायची. एखादा रेडिओ मनासारखा जुळला की ती मला म्हणायची, "आयक, आयक," आणि मला त्यात वेगळं काही ऐकू यायचं नाही, तरी मी मान हलवायचो. मी शिकून आलो होतो आणि ती ऐकून आली होती. दोघं मिळून केवढं छान दुकान चाललं असतं. हंगाम दरवर्षी येतो. ते दुकान काही येत नाही.

पेटी दुरुस्त करायला मला दिवाळीपर्यंत वेळ लागला. दोन कंडेन्सर फुगले होते, ते बदलले. व्हॉल्व्ह धुगधुगी धरून होते. कॉइलला हात लावला नाही. माझं मेणबत्तीचं मेण तसंच होतं, वर बोटाचा ठसा; त्या जाड थराने ओल आत जाऊ दिलेली दिसत नव्हती. चाचणी करायला घरी रेडिओ लावला तर नागपूरच ऐकू येईना. एलईडीचे दिवे, चार्जर, इन्व्हर्टर, शेजाऱ्याचा वायफाय, सगळ्यांची मिळून एकच गर्रर्र. एकेकाळी या गावात नागपूर लागायला तारही लागत नसे.

मग काकांची वाडी आठवली. आता चुलतभाऊ ती करतो. मोटारीच्या खोलीत लाइन आहे, आजूबाजूला घर नाही, दिवा नाही. त्याला फोन केला. तो म्हणाला, "या आठवड्यात दिवसाची लाइन आहे. दहाले येते. येजो."

भाऊबीजेला ताई आली. ओवाळलं. मी ताटात साडी ठेवली. दरवर्षी ठेवतो, आणि दरवर्षी वाटतं की हे ते नाही. जेवण झाल्यावर तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "ताई, मास्तर सुरू केला मी. वाडीवर येतं का? उद्या परीक्षा घेऊ."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मले काय आयकू येते आता? शिट्टी मेली का जित्ती हाय ते बी समजाचं नाई."

"तरी ये."

रात्री पेटीसमोर उभा राहिलो. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. नख लावलं असतं तर सहज निघाली असती, आणि मग तबकडी काय दाखवते याला काहीच अर्थ उरला नसता. नुसती गंमत, एक जुनी पेटी. मी कोपरा दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत पोचलो तेव्हा मेथीला पाणी चालू होतं. शेजारच्या वावरात बायका कापूस वेचत होत्या, त्यांच्या ओट्या फुगलेल्या. भावाने मोटार बंद करून दिली आणि तो वांगी तोडायला गेला. पेटी लावली. अर्धा तास तापू दिली. तोच जुना वास आला, ताईनेही नाक वर करून घेतला. बॅटरीवरच्या रेडिओचं मागचं झाकण काढून ठेवलं होतं. नागपूर लावलं. स्वच्छ लागलं, इतक्या वर्षांनी, कुणीतरी शेतीविषयी बोलत होतं.

ताईच्या कानातलं मशीन रेडिओजवळ जाताच स्वतःच कुईं करायला लागलं. "हेच शिट्टी मारते मेलं," म्हणून तिने ते काढून पदराला बांधलं. मी तिचा हात धरला आणि दोन बोटं स्पीकरच्या कागदावर ठेवली. तिला लगेच कळलं. तिने डोळे मिटले.

मी काटा फिरवायला लागलो. सहाशे चाळीसच्या पुढून, सावकाश, खाली. सहाशे पंधरा आलं आणि गेलं. तिचं बोट हललं नाही. सहाशे. मग बारीक शिट्टी सुरू झाली, मला ऐकू येत होती, तिला नाही. ती खाली उतरली, जाड झाली आणि ताईचं बोट दचकलं. "आली," ती म्हणाली. घुर्र घुर्र. मग फुगणं आणि बसणं. तिची मान किंचित डावीकडे कलली, बेचाळीस वर्षांपूर्वी कलायची तशी. "पुढं. अजून. मांगं ये. मांगं ये थोडं. ... मेली."

ती डोळे उघडायच्या आधी हसली.

मग तिने चष्मा लावला आणि तबकडी वाचली. काटा पाचशे पंच्याऐंशीच्या रेघेला टेकला होता. तिने चिठ्ठी वाचली. स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं. पुन्हा तबकडी. बाई कितीही म्हातारी झाली तरी तिचं डोकं पेटीइतकं ढळलेलं नव्हतं.

"म्या तं सहाशे पंधरा लिवलं होतं," ती म्हणाली. "कॉइल आपोआप बराबर होत नाई. कोनं फिरवलं?"

मी तोंड उघडलं. तिने हात वर केला. "थांब. मशीन लावू दे." पदराची गाठ सोडून तिने मशीन कानात बसवलं, बोटाने दाबलं. "हं. आता सांग."

मी सांगितलं. सगळं. ती दुपार, सुई, मेण, वाटेतला डबा, दारात उभं राहणं. मध्ये कुठे थांबलो तर ती "मंग?" एवढंच म्हणायची. सांगून झालं तेव्हा वावरातल्या बायका कशावरून तरी हसत होत्या.

तिने तबकडीच्या काचेवर बोट टेकवलं. मग माझ्याशी नाही, त्या काट्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "म्हंजे माहा कान बराबर होता."

"होता, ताई."

"अकराच्या अकरा बराबर जुळवले होते म्या."

"हो."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. "मले नसतं सांगतलं तं चाललं असतं रे," ती म्हणाली. "बाबाले सांगाचं होतं."

मला रडू आलं. मी लपवलं नाही. तिने माझी समजूत घातली नाही. तिने चिठ्ठीच्या सुटलेल्या कोपऱ्याला नख लावलं, सावकाश, न फाडता ती सोडवली, चार घड्या केल्या आणि बटव्यात ठेवली. तिच्याखाली पेटीचा मूळचा करडा रंग होता, चौकोनी, कोरा. मग तिने पुन्हा मशीन काढून पदराला बांधलं आणि दोन बोटं स्पीकरच्या कागदावर ठेवली.

"एका जागी जुळलं म्हंजे झालं नाई," ती म्हणाली. "दुसरं स्टेशन लाव."